विश्वासाची पहिली जोखीम कोण पत्करतो? किर्लोस्करवाडीच्या माळावरील एका प्रयोगाची कथा

१/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये एक तरुण शिक्षक नोकरीस होता. त्याला यंत्रांचे वेड होते, हातात कसब होते. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्याला डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन उमेदवाराला देण्यात आली. तरुणाने राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

२/
या राजीनाम्याची गोष्ट उद्योजकतेच्या व्याख्यानांतून नेहमी सांगितली जाते, परंतु ती बहुधा 'नोकरी सोडून धंदा केला' एवढ्यावरच थांबते. मला तिच्यातील दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. कामाच्या ठिकाणी अपमान सोसलेल्या माणसाच्या हाती पुढे स्वतःचे कामाचे ठिकाण उभारण्याची संधी आली. ते त्याने कसे उभारले? आणि त्या उभारणीत काय अपुरे राहिले? आजचा दीर्घ धागा याविषयी.

३/
आधी त्या काळची पार्श्वभूमी पाहू. लक्ष्मणराव मुंबईत होते तेव्हा शहरावर गिरण्यांच्या भोंग्यांचे राज्य होते. पहाट होताच काम सुरू होई आणि अंधार पडेपर्यंत चाले. कामगार व मालक यांच्यामध्ये जॉबर नावाचा माणूस असे. भरती तोच करी, कामावरून तोच काढी, अडीनडीला कर्जही तोच देई आणि या साऱ्याबद्दल 'दस्तुरी' उकळी. मालकाला कामगाराचे नावही ठाऊक असण्याची गरज नव्हती.

४/
१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः बालकामगारांपुरता होता; प्रौढ माणसाने किती तास राबावे याला त्यात मर्यादा नव्हती. अशा काळात नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले.

५/
त्या निवेदनातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा अस्वस्थ करतो. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. यंत्रात सापडून जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार द्यावा.

६/
पगाराचे कलम पुन्हा वाचावे. कामगार महिनाभर राबे आणि त्याचे पैसे मालकाकडे अडकून राहत. म्हणजे मजुरी उधारीवर होती आणि सावकार होता कामगार! तरीही व्यवस्था गृहीत धरी की कामगार पळून जाईल, चोरी करील, अंग चोरील. म्हणून पगार अडकवून ठेवावा, दंड लावावा, वर जॉबर बसवावा. संशय हा त्या गिरणीचा अलिखित नियम होता.

७/
२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी उशिरापर्यंत लोळतो, तो असा मिळालेला आहे.

८/
याच काळात नागपुरात एक वेगळा प्रयत्न चालू होता. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेथील मोठी अडचण गैरहजेरीची होती. टाटांच्या चरित्रांत तिचे प्रमाण पाच कामगारांमागे एक, असे दिलेले आढळते. दंड वाढवणे हा त्यावरचा रुळलेला उपाय होता. जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी मात्र माणूस येत का नाही, हा प्रश्न आधी विचारला.

९/
उत्तरे कारखान्याच्या हवेत आणि कामगाराच्या भवितव्यात सापडली. कोंदट, धुळीने भरलेल्या खात्यांत हवा ओलसर व खेळती ठेवण्याची यंत्रे बसली. आगीपासून रक्षणासाठी पाण्याचे फवारे आले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. देशात भविष्यनिर्वाह निधीचा व्यापक कायदा येण्यास १९५२ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले की या पावलांचे वेगळेपण कळते.

१०/
जमशेटजी स्वतः याला औदार्य म्हणत नसत. १८९५ मध्ये केलेल्या एका भाषणात त्यांनी म्हटल्याचा आशय असा की, आम्ही इतरांहून अधिक परोपकारी असल्याचा दावा करीत नाही. कामगारांचे आरोग्य व कल्याण हाच आमच्या भरभराटीचा पाया आहे, एवढेच आम्ही जाणतो. हा प्रामाणिक हिशेब होता आणि त्यामुळे हजारो कुटुंबांचे जगणे सुसह्य झाले. तथापि, सोयी देणे आणि विश्वास टाकणे यांत अंतर आहे. ते पाहण्यासाठी पुन्हा लक्ष्मणरावांकडे वळू.

११/
बेळगावात लक्ष्मणराव आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ग्राहकाचा विश्वास मिळवायलाच दोन वर्षे गेली. जरा बस्तान बसते न बसते तोच, शहराचे उपनगर वाढवायचे म्हणून नगरपालिकेने जागा सोडण्याची नोटीस दिली.

१२/
त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना संस्थानात जागा देऊ केली आणि १० हजार रुपयांचे कर्जही दिले. राजे स्वतः चित्रकार होते. लक्ष्मणरावही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. काही रंग ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्याने त्यांना चित्रकला सोडावी लागली होती. जागा होती कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा माळ. आज तो सांगली जिल्ह्यात आहे.

१३/
१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. त्या दिवशी तेथे होते निवडुंगाचे रान आणि त्यात वावरणारे नाग. लक्ष्मणरावांसोबत सुमारे २५ कामगार आपापली कुटुंबे घेऊन आले. या कामगारांकडे इतिहासकाराने थांबून पाहायला हवे.

१४/
बेळगाव हे नांदते शहर होते. तेथे बाजार होता, शाळा होती, सोयरेधायरे होते. ते सोडून, बायकामुलांना घेऊन, डोक्यावर छप्परही नसलेल्या माळावर यायचे, तेही ज्या कारखान्याला नुकतेच जागेवरून उठवले आहे त्याच्या मालकाच्या शब्दावर! आपण म्हणतो, लक्ष्मणरावांनी कामगारांवर विश्वास टाकला. घटनाक्रम मात्र सांगतो की, आधी कामगारांनी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. पहिली जोखीम त्यांची होती.

१५/
लक्ष्मणरावांनी त्या विश्वासाची परतफेड कशी केली, हे माणसांच्या निवडीवरून दिसते. त्यांच्या भोवतीची मंडळी पदवीधरांची नव्हती. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक अभियंता म्हणून नावारूपास आले. शंभूअण्णा जांभेकर इंजिने चालती करीत. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी करता करता साऱ्या हिशेबाचा भार वाहिला. प्रमाणपत्र नाकारलेल्यांना येथे काम देऊन पाहिले गेले. स्वतःची बढती जन्माच्या दाखल्यावरून नाकारली गेलेल्या माणसाने हे करावे, यात मला एक संगती दिसते.

१६/
सर्वांत धाडसी निवड मात्र पहारेकऱ्यांची होती. दरोड्याच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीवर नेमले. कारखान्यातील माल, तिजोरी आणि झोपलेली कुटुंबे रात्रभर त्यांच्या हवाली केली. त्यांतील एक रामोशी समाजातील होता. या तपशिलामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

१७/
किल्ल्यांची व गावांची राखण हे रामोशांचे परंपरागत काम. कंपनी सरकार आल्यावर त्यांचे हे काम आणि त्यासोबतची वतने गेली. १८२० च्या दशकातील उमाजी नाईकांच्या उठावामागे हा असंतोष होता. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि गावोगावच्या पोलिसांच्या मनात संशय कायमचा घर करून बसला. जो राखणदार होता त्याला सत्तेने चोर ठरवले. एका माळावरच्या कारखानदाराने त्याच्या हाती पुन्हा राखणीची काठी दिली.

१८/
सोय आणि विश्वास यांतील फरक येथे स्पष्ट होतो. दवाखाना काढल्याने मालकाचे पैसे खर्च होतात. पण तो फसला तरी फारसे बिघडत नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगलेला माणूस नेमताना मालकाचे सर्वस्व पणाला लागते. ज्यात देणाऱ्याला धोका नाही त्याला मदत म्हणावे, कल्याण म्हणावे. विश्वास हा शब्द धोका पत्करणाऱ्यासाठी राखून ठेवावा.

१९/
आदराचेही असेच. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी बंदी केली. १९१० च्या सुमारास आसपासच्या गावांत पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या आणि वस्त्याही वेगळ्या होत्या. अशा मुलखात कामाच्या जागेपुरती का होईना, ही रेघ पुसण्याचा निर्णय पुष्कळांच्या रोषास पात्र ठरणारा होता. पगार वाढवून आदर मिळतोच असे नाही. मात्र शेजारी उभे राहून काम करणाऱ्याने विटाळ मानला, तर पगार कितीही असो, तेथे आदर नाही.

२०/
या वाडीतून एक अनपेक्षित गोष्ट जन्मली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे पत्र सुरू केले. त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या, त्यांचे मूळ नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या वृत्तपत्रात आहे. जेथे यंत्रांबरोबर विचारांनाही जागा दिली जाते, तेथे असे घडू शकते.

२१/
औंध संस्थानातच तीन दशकांनी याहून मोठी जोखीम घेतली गेली. बाळासाहेबांनी १९३९ मध्ये राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवणारी घटना लागू केली. त्याच वर्षी आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तीमागे मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची प्रेरणा होती. कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करीत. भोवती तुरुंगाची भिंत नव्हती. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे याच माणदेशातले.

२२/
येथवर चित्र सुंदर आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबू नये. या बहुतेक कथा आपल्यापर्यंत आल्या आहेत त्या मालकांच्या चरित्रांतून, आत्मचरित्रांतून आणि गौरवग्रंथांतून. पहारेकऱ्याने रात्रपाळीत काय विचार केला, हे कोणी लिहून ठेवले नाही. माळावर पहिली चूल पेटवणाऱ्या स्त्रीचे नावही आपल्यापाशी नाही. ज्या विश्वासाचे आपण गोडवे गातो त्याची नोंद एकाच बाजूने झालेली आहे.

२३/
आणि दुसरी बाजू बोलू लागली की काय होते, हे जमशेदपूरने दाखवले. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता. १९११ चा कायदा कापडगिरण्यांत पुरुषांकडून बारा तास काम घेण्यास मुभा देत होता. मोफत औषधोपचार, भरपगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी, सारे कायद्याच्या कितीतरी आधी. तरीही तेथे १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले.

२४/
'इतके देऊनही संप?' असे आश्चर्य तेव्हाही व्यक्त झाले, आजही होते. १९२८ चा संघर्ष कामगार कपातीवरून पेटला. शेकडो कुटुंबांच्या पोटाचा निर्णय होत होता आणि त्यात त्या कुटुंबांना शब्द नव्हता. त्याच वर्षी सुभाषचंद्र बोस तेथील कामगार संघटनेचे अध्यक्ष झाले. पुढे १९५६ मध्ये कंपनी व संघटना यांच्यात करार झाला आणि संयुक्त समित्यांद्वारे कामगारांना कारभारात सल्लामसलतीचा हक्क मिळाला. आठ तासांपासून या हक्कापर्यंत पोचण्यास ४४ वर्षे लागली. सोय देणे सोपे, ऐकून घेणे अवघड.

२५/
किर्लोस्करवाडीलाही कसोटीतून जावे लागले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे व मालमत्ता यांवर हल्ले झाले. त्या आगीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. मोठे नुकसान झाले आणि कारखाना पुन्हा उभारावा लागला. ३८ वर्षांपूर्वी निवडुंग तोडून वसवलेल्या त्या वाडीच्या कुंपणाबाहेर जातिव्यवस्था, विषमता आणि साचलेला राग तसाच होता. एका आवारातला सलोखा सबंध समाजाची भरपाई करू शकत नाही. हिंसेचे हे समर्थन मुळीच नव्हे. बेटाच्या मर्यादेची ही नोंद आहे.

२६/
लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. त्यांच्या वाडीचा कारभार वडीलधाऱ्या कर्त्या पुरुषाचा होता. तो प्रेमळ असे, पण अखेरचा शब्द त्याचा. अशा घरात कर्ता भला निघाला तर सारे सुखात राहतात. तो बदलला तर? म्हणूनच लोखंड्यांनी सह्या गोळा केल्या, त्याचे मोल लक्ष्मणरावांच्या औदार्याने कमी होत नाही. रविवार मालकाच्या मर्जीवर राहू नये, एवढेच त्या साडेपाच हजार लोकांचे म्हणणे होते.

२७/
आज कंपन्यांच्या भिंतींवर 'विश्वास' आणि 'आदर' ही मूल्ये मोठ्या अक्षरांत रंगवलेली असतात. त्याच भिंतीवर कॅमेरा असतो, दारात बोटाचा ठसा घेणारे यंत्र असते आणि घरून काम करणाऱ्याच्या संगणकावर तो किती मिनिटे स्वस्थ बसला याची मोजदाद चालते. यांत सारेच अनावश्यक आहे असे नाही. पण १८८४ च्या गिरणीतील तो अलिखित नियम नव्या रूपात परतला आहे का, हे तपासायला इतिहास उपयोगी पडतो.

२८/
तपासण्यासाठी दोन साधे प्रश्न पुरतात. आपल्या कामाच्या ठिकाणी वरच्याने खालच्यावर असा कोणता भरवसा टाकला आहे की, तो चुकला तर नुकसान वरच्याचे होईल? आणि न पटलेल्या निर्णयाला तेथे 'नाही' म्हटले, तर दुसऱ्या दिवशी आपली जागा शाबूत राहते का? पहिल्या प्रश्नाला किर्लोस्करवाडीच्या रात्रपहाऱ्याने उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर महालक्ष्मीच्या मैदानावर मागितले गेले.

२९/
कुंडल रोड स्थानकाला आज किर्लोस्करवाडी हे नाव आहे. मिरज-पुणे मार्गावरून कधी गेलात, तर खिडकीतून ती पाटी जरूर पाहा. पाटीवर एका कुटुंबाचे नाव आहे. त्या नावामागे, नागांच्या माळावर आपली मुले निजवणारी २५ कुटुंबे आहेत. पहिली जोखीम त्यांनी घेतली होती.

धागा समाप्त. आपल्या घरात गिरणी, कारखाना किंवा अशा वसाहतीतील आजी-आजोबांच्या आठवणी असतील, तर त्या लिहून ठेवा. मालकांचा इतिहास लिहिला गेला आहे. कामगारांचा अजून बराचसा बोलण्यातच आहे.